दिवाळी घरची हवी

दिवाळीच्या आधीचा आठवडा संस्थांमध्ये पाहुण्यांचा असतो. वृद्धाश्रम, अनाथाश्रम, निवारागृह, मनोरुग्णालय, सगळीकडे दारात गाड्या येऊन थांबतात. कुणी कंपनीतले, कुणी कॉलेजातले, कुणी मंडळाचे. फराळाची पाकिटं उतरवली जातात, टेबल मांडलं जातं, रांग लागते. दोन गाणी होतात, एखादं भाषण होतं, फोटो काढले जातात. कधीकधी एकाच दिवशी दोन-तीन गट येऊन जातात आणि लाडू खाऊन संपत नाहीत. मग लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ येते. दिवे लावायची खरी वेळ तीच, पण त्या वेळी येणारे सगळे आपापल्या घरी असतात. कर्मचारीही निम्मे रजेवर असतात. राहणाऱ्यांचं जेवण नेहमीपेक्षा लवकर उरकतं आणि सणाची रात्र इतर रात्रींसारखीच निघून जाते.

देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. त्यांनी आणलेला फराळ गोडच असतो आणि त्या निमित्तानं कुणीतरी आत डोकावतं, हेही थोडं नाही. तरीही या दिवाळीत एक मोठी उणीव राहते. जे तिथं राहतात त्यांना या सणात काही कामच नसतं. काय करायचं, कधी करायचं, कुणाला बोलवायचं, हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांनी फक्त हात पुढे करायचा असतो. ज्या माणसाला सणात फक्त घ्यायचं असतं तो त्या जागी पाहुणा असतो, मग तिथं त्याची वीस वर्षं का गेली असेनात.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी हे फार बारकाईनं टिपलं होतं. १९५५-५६ मध्ये ते वॉशिंग्टनमधल्या सेंट एलिझाबेथ्स या प्रचंड मनोरुग्णालयात राहणाऱ्यांच्या जगात वावरले आणि १९६१ मध्ये त्यांचं ‘असायलम्स’ हे पुस्तक आलं. ज्या संस्थेत माणसाचं झोपणं, जेवणं, काम आणि विरंगुळा एकाच छताखाली, एकाच वेळापत्रकानं, एकाच अधिकाराखाली चालतं, तिथं माणसाचं स्वत्व कसं झिजत जातं हे त्यांनी दाखवलं. त्याच पुस्तकात अशा संस्थांमधल्या समारंभांचाही विचार आहे: नाताळ, वार्षिक मेळावा, पाहुण्यांसाठी खुला ठेवलेला दिवस. त्या दिवशी कर्मचारी आणि रहिवासी यांच्यातलं अंतर थोडं सैलावतं, बाहेरच्यांना संस्थेचं नीटनेटकं रूप दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं. साठ वर्षांनंतरही हे वर्णन आपल्याकडच्या फराळवाटपाला जसंच्या तसं लागू पडतं.

या प्रकरणाचा विषय आहे तो याच्या पलीकडचा: ज्यांना आधाराची गरज आहे अशा माणसांची स्वतःची घरं, आणि त्या घरांतले सणाचे दिवस.

आधी घर

एखादी बाई गंभीर मानसिक आजारात घर सोडून भटकत राहते. कुणीतरी तिला रुग्णालयात पोहोचवतं. औषधोपचारानं ती सावरते. डॉक्टर म्हणतात, आता हिला इथं ठेवायची गरज नाही. पण न्यायला कुणी येत नाही. पत्ता आठवत नाही, किंवा आठवतो पण त्या पत्त्यावरची माणसं दार उघडत नाहीत. मग ती तिथंच राहते, एक वर्ष, पाच वर्षं, वीस वर्षं. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या एका पाहणीत, तिथं राहणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त माणसं वर्षाहून अधिक काळ आत असल्याचं दिसून आलं. २०१९ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातल्या अनेकांच्या मुक्कामाचं कारण आजार हे नव्हतंच. बाहेर जागा नव्हती, हे होतं.

संस्थेबाहेरची जागा म्हणजे कुठलीही जागा नव्हे, हे आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडी इथं एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळताही आलं नाही. २८ जण गेले.

पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि मे २०१८ पासून तो लागू झाला. त्याच्या १९ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. हाफवे होम, सामूहिक घरं, आधारासह निवास अशा सोयी उभ्या करणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात असल्याचं समोर आलं, तेव्हा जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं.

मग कशी असावीत ही घरं? चेन्नईत एक उत्तर तयार झालं आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये ‘द बॅनियन’ ही संस्था रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी सुरू केली. बऱ्याच जणी बऱ्या होऊन आपल्या गावी परतल्या. काही जणींना परतायला जागाच नव्हती. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू झाला. साध्या वस्तीत, साध्या गल्लीत एक भाड्याचं घर. त्यात चार-पाच जणी. कुणाबरोबर राहायचं हे त्यांचं त्या ठरवतात. सोबतीला बहुधा आसपासच्याच वस्तीतली एक सहायिका, आणि गरजेप्रमाणे येऊन जाणाऱ्या परिचारिका व केस मॅनेजर. पुढे हा उपक्रम केरळ, आसाम आणि महाराष्ट्रातही पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये समाजाधारित मानसिक आरोग्य सेवांविषयी मार्गदर्शिका काढली, तेव्हा आधारासह निवासाच्या जगभरातल्या निवडक उदाहरणांत ‘होम अगेन’ला जागा दिली.

या सगळ्यामागचा विचार न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सॅम त्सेंबेरिस यांनी ठामपणे मांडला होता. आधी बरे व्हा, व्यसन सोडा, नीट वागा, मग घर देऊ, अशी तोवरची रीत होती. त्यांनी ती उलटी केली: आधी घर, बाकी सगळं त्यानंतर आणि त्या माणसाच्या संमतीनं. कॅनडानं २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर माणसांबरोबर याचा मोठा प्रयोग केला. ज्यांना आधी घर मिळालं ते घरात टिकण्याचं प्रमाण नेहमीच्या सेवा घेणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं.

आणि ज्यांना हे सगळं फार नवं वाटतं त्यांनी बेल्जियममधल्या गील या गावाची गोष्ट लक्षात घ्यावी. मध्ययुगापासून तिथली सामान्य कुटुंबं मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथं असे साडेतीन हजारांहून जास्त रहिवासी होते. परंपरेनं त्या कुटुंबांना आजाराचं नावही सांगितलं जात नसे. घरात आलेल्या माणसाला शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात काय जमतं, एवढं कळलं की पुरे. नाताळ आला की तोही त्या घरचाच एक माणूस म्हणून टेबलाशी बसे.

सण म्हणजे काम

आपल्याकडे सणाला घरपण येतं ते आधीच्या कामांमुळे. माळ्यावरचे डबे खाली काढायचे, जळमटं झाडायची, भाजणी दळून आणायची, रवा चाळायचा, कंदिलाची वायर शोधायची. या कामांत कुरकूर असते, वाद असतात, ‘आमच्याकडे असं नाही करत’ असतं. पाकिटातून आलेल्या फराळात यातलं काहीच नसतं.

आधाराच्या घरात सणाची सुरुवात एका बैठकीनं व्हावी. दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारी सगळ्यांनी बसावं आणि तीन गोष्टी ठरवाव्यात: काय करायचं, किती खर्च करायचा, कोण काय करणार. खर्चाचा आकडा सगळ्यांसमोर असावा. ज्यांना संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळतं किंवा ज्या थोडंफार कमावतात, त्यांनी आपल्या पैशातून काय घ्यायचं हे त्यांचं त्यांनी ठरवावं. सहायिकेनं फक्त एवढं बघावं की सगळ्यांना बोलायला मिळतंय आणि मोठ्या आवाजाच्या बाईचंच दर वेळी खरं होत नाही.

एक दुपार जवळून पाहू. हे चित्र कुठल्या एका घराचं नाही. अशा घरांत होणाऱ्या गोष्टी एकत्र आणून मांडलेलं आहे. चार जणी चकल्या करायला बसल्या आहेत. एकीला भाजणीचं प्रमाण तोंडपाठ आहे. एकेकाळी तिच्या हाताला मोठ्या कुटुंबाचं काम होतं. पण औषधांमुळे तिचे हात थरथरतात, सोऱ्या दाबणं जमत नाही. दुसरी दणकट आहे, तिला स्वयंपाक येत नाही, पण सोऱ्या ती सहज फिरवते. तिसरी कढईपाशी आहे. चौथी लांब खुर्चीवर बसून नुसती बघते. पहिली चकली तेलात पडते आणि विरते. भाजणीवाली म्हणते, मोहन जास्त झालं, मी सांगत होते. थोडी वादावादी होते. कोरडी भाजणी वाढवली जाते, पीठ पुन्हा मळलं जातं आणि पुढचा घाणा जमतो. मग खुर्चीवरची बाई उठते, एक चकली मोडून तोंडात टाकते आणि म्हणते, तीळ कमी आहेत.

या दुपारभरात उपचाराचा एक शब्द नाही. तरी पाहा, किती गोष्टी घडल्या. एका बाईचं ज्ञान कामाला आलं. दुसरीचं बळ कामाला आलं. चूक झाली आणि ती दुरुस्त झाली, आणि कुणी ती केसपेपरवर लिहून घेतली नाही. ज्या बाईनं काहीच केलं नाही तिनंही मत दिलं, आणि तीळ वाढवले गेले. वर्षानुवर्षं ज्यांच्या मताला कुणी विचारलं नाही, त्यांच्या दृष्टीनं हा शेवटचा भाग सगळ्यात मोठा.

सहायिकेची खरी परीक्षा इथं असते. चकली विरताना दिसली की पुढे होऊन परात आपल्याकडे ओढायची इच्छा होते. ती आवरावी. कढईजवळ लक्ष ठेवणं, थरथरत्या हाताला गरम तेलापासून दूरचं काम सुचवणं, हे तिचं काम. फराळ उत्तम होणं हे तिचं काम नाही.

कपड्यांचंही तसंच. संस्थांमध्ये सणाला एकाच ताग्यातून सगळ्यांना कपडे शिवले जातात, किंवा देणगीदाराकडून एकसारख्या साड्यांचा गठ्ठा येतो. २०१७ च्या कायद्यानं रुग्णालयातसुद्धा माणसाला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिला आहे आणि गणवेशाची सक्ती नाकारली आहे. मग घरात तर प्रश्नच नाही. त्याच पैशात प्रत्येकीला दुकानात जाऊन हवी ती साडी किंवा ड्रेस घेता येतो. दुकानात वेळ लागेल. एखादी तासभर साड्या उलगडायला लावेल आणि शेवटी पहिलीच घेईल. बायका दुकानात तसंच करतात, आणि तो तास त्या खरेदीचाच भाग आहे.

यात एक हक्क विसरून चालणार नाही: भाग न घेण्याचा. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला कुणाला उठायचं नसेल तर उठवू नये. ज्यांची कित्येक वर्षं घंटेवर उठण्यात गेली, त्यांना सणाच्या सकाळी उशिरापर्यंत झोपावंसं वाटलं, तर तोही त्यांचा सणच.

नात्यांचे दिवस

दिवाळीचा एकेक दिवस एकेका नात्याला बांधलेला आहे. पाडवा नवऱ्याचा, भाऊबीज भावाची. पहिला दिवाळसण जावयाचा. ज्याच्याजवळ ही नाती आहेत त्याला हे दिवस भरभरून देतात. ज्याच्याजवळ नाहीत त्याला नेमकी जखम दाखवतात. म्हणून अशा घरांत धनत्रयोदशी आनंदात जाते आणि भाऊबीजेला घर गप्प होतं. हे आधीच माहीत असावं आणि त्याची तयारी असावी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोटं आश्वासन. ‘येईल हं तुझा भाऊ’ हे वाक्य प्रेमानं उच्चारलं जातं, पण ती बाई ते खरं धरून संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसते. भावाला फोन करायचा असेल तर सणाच्या दिवशी पहिल्यांदा करू नये. आठवडा-दोन आठवडे आधी करावा. तो येणार नसेल तर ते तिला स्पष्ट, शांतपणे आणि वेळेवर सांगावं. तो फोनवर बोलायला तयार असेल तर वेळ ठरवून घ्यावी. तिलाच बोलायचं नसेल, तर तिच्या त्या निर्णयाचाही मान राखावा. काही भाऊ असे असतात की त्यांच्यापासूनच सुटका करून घ्यावी लागलेली असते.

दुसरी चूक म्हणजे बदली भाऊ. भाऊबीजेला पाहुण्या पुरुषांना रांगेत बसवून सगळ्यांनी ओवाळायचं, हा कार्यक्रम अनेक ठिकाणी होतो. कुणाला त्यातून आनंद मिळतोही. पण ज्याला ओवाळायचं तो ओळखीचा असावा आणि ओवाळणारीची इच्छा असावी. रोजचा दूधवाला, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, वर्षभर रुग्णालयात ने-आण करणारा रिक्षावाला यांच्याशी नातं खरं असतं. त्यांच्यापैकी कुणाला घरी बोलवावंसं एखादीला वाटलं तर त्या भाऊबीजेला अर्थ आहे. नाहीतर चौघींनी एकमेकींना ओवाळावं. बहिणी एकत्र राहतात तेव्हा तसंही करतात.

हळदीकुंकवाच्या प्रथेचा विचार तर मुद्दाम करायला हवा. कुणी विधवा आहे, कुणी टाकलेली आहे, कुणाला आपला नवरा जिवंत आहे की नाही हेच माहीत नाही. तिथं कुणाला कुंकू लावायचं, कुणाला नाही, हा भेद शिरला की घर मोडतं. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आता विधवांना मानानं बोलावून हळदीकुंकू केलं जातं. आधाराच्या घरानं तर ते पहिल्यापासून तसंच करावं: सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना फूल, सगळ्यांना अत्तर.

दुःखालाही जागा हवी. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर त्या दिवाळीला आपण फराळ करत नाही. नातलग आणून देतात. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या माणसाला आईच्या मृत्यूची बातमी फार उशिरा कळते, तेव्हा तिचं हे पहिलं वर्ष कधीच पाळलं गेलेलं नसतं. एखादीनं म्हटलं की मला या वर्षी गोड करायचं नाही, तर त्याकडे आजाराचं लक्षण म्हणून बघू नये. फोटो असेल तर त्याला हार घालावा, नसेल तर एक पान बाजूला वाढावं, आणि त्या बाईला आईबद्दल बोलू द्यावं.

शिवाय अशा घरातल्या सगळ्यांची दिवाळी एकच नसते. भटकत महाराष्ट्रात आलेली माणसं बिहारची, बंगालची, तेलंगणाची असतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रानं रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवलं. त्या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांचं घर असं सापडत नाही, त्यांच्याकडे निदान त्याच्या आठवणी असतात. बिहारच्या बाईला दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ हवी असते. बंगालच्या बाईची अमावास्या कालीची असते. बौद्ध रहिवाशाचा मोठा दिवस दसऱ्यालाच, धम्मचक्र प्रवर्तनाचा, होऊन गेलेला असतो. गोव्याच्या ख्रिस्ती बाईला त्याच करंज्यांच्या साच्यातून नाताळात नेवऱ्या करायच्या असतात. तेव्हा घराच्या कॅलेंडरवर प्रत्येकीनं आपला एक तरी दिवस खूण करून ठेवावा, आणि त्या दिवशी स्वयंपाकघर तिच्या हुकमाखाली असावं.

शेजारच्या दाराशी

अशा घरांना सुरुवातीला वस्तीतून विरोध होतो. ‘वेड्यांना इथं कशाला?’ हा प्रश्न कुठे उघडपणे, तर कुठे सोसायटीच्या नियमांआडून विचारला जातो. व्याख्यानांनी तो फारसा सुटत नाही. तो सुटतो देवाणघेवाणीनं, आणि त्याला सणासारखा मुहूर्त नाही.

गणपतीत मंडळाची मुलं वर्गणीला येतात. संस्थेच्या फाटकावर ती कधी येत नाहीत, कारण संस्थेकडून कुणी काही मागत नाही. पण गल्लीतल्या घराची बेल ती वाजवतात. त्या वेळी सहायिकेनं पुढे होऊन ‘इथं नका’ म्हणू नये. घरातल्या बाईनं दार उघडावं, ठरवलेली वर्गणी द्यावी आणि पावती घ्यावी. त्या पावतीवर तिचं नाव लिहिलं जातं. वर्षानुवर्षं ज्यांचं नाव फक्त केसपेपरवर लिहिलं गेलं, त्यांना या कागदाची किंमत सांगावी लागत नाही. वर्गणी दिली की आरतीला जाण्याचा हक्क येतो, आणि मांडवात चार बायका ओळखीच्या होतात.

दिवाळीत फराळाचं ताट हेच काम करतं. शेजारी ताट गेलं की ते रिकामं परत येत नाही, ही आपली रीत. चार घरी चकल्या-लाडू गेले की तिकडून शेव, अनारसे, शंकरपाळे येतात. या देवाणघेवाणीत दोन्ही बाजू सारख्या असतात. संस्थेला आलेल्या पाकिटाची परतफेड करता येत नाही. शेजारच्या ताटाची करता येते. म्हणून देणगीदाराचा फराळ आला तरी घरात केलेलाच फराळ शेजारी पाठवावा, आणि पोहोचवायला घरातल्याच दोघींनी जावं.

औषध, झोप आणि आवाज

सण तब्येतीवर ताण आणतो, हे मनोविकारातून सावरलेल्या माणसाच्या बाबतीत अधिक खरं आहे. त्याची काळजी घेताना सण मोडू नये आणि सणाच्या भरात काळजी सुटू नये.

पहिली गोष्ट झोप. बायपोलर आजारात सलग जागरणानं उन्मादाचा झटका येऊ शकतो. गरब्याच्या नऊ रात्री, विसर्जनाची रात्र, पहाटेचं अभ्यंगस्नान ही सगळी जागरणंच. एका रात्री उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी दुपारी विश्रांती ठरलेली असावी, आणि रात्रीची गोळी चुकू नये. दोन-तीन रात्री कमी झोपूनही एखादी भलतीच उत्साही दिसत असेल, भराभर बोलत असेल, पैसे वाटत असेल, तर डॉक्टरांना तेव्हाच कळवावं.

दुसरी गोष्ट उपास. लिथियम घेणाऱ्यांनी पाणी आणि मीठ कमी केलं की रक्तातलं औषधाचं प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. नवरात्रात कडक उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. ओलांझापीन, क्लोझापीन यांसारख्या औषधांनी वजन आणि साखर वाढते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांच्या लाडवांची काळजी घ्यावी. मात्र ती हिशोबानं घ्यावी. ताटातला लाडू उचलून नेऊन नव्हे.

तिसरी गोष्ट आवाज. फटाक्यांनी ज्यांच्या जुन्या भीती जाग्या होतात त्यांच्यासाठी घरातली आतली एक खोली ठरवून ठेवावी, खिडक्या बंद, रेडिओ किंवा टीव्ही चालू, सोबत कुणीतरी. कधी किती वेळ फटाके वाजतील हे आधी सांगून ठेवलं की भीती निम्मी होते.

आणि शेवटची गोष्ट अगदी साधी: दिवाळीत बाह्यरुग्ण विभाग बंद असतात, डॉक्टर गावाला जातात. औषधं किमान दोन आठवडे पुरतील एवढी आधीच आणावीत आणि ती एका नजरेत दिसतील अशी ठेवावीत. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

देणाऱ्यांनी काय द्यावं

ज्यांना खरंच काही द्यायचं आहे, त्यांनी आधी विचारावं. घरात राहणाऱ्यांनाच विचारावं, फक्त व्यवस्थापकाला नाही. कदाचित त्यांना मिक्सर हवा असेल, किंवा एक सोऱ्या, किंवा माहेरच्या गावी जाऊन यायचं भाडं. एका गटानं एका घराशी वर्षभराचं नातं जोडावं. दहा घरांत एकेकदा जाण्यापेक्षा ते चांगलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तासभर जाऊन बसावं, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांनाही आपल्या घरी फराळाला बोलवावं. बोलावणं दोन्हीकडून असलं तरच ओळख वाढते.

फोटोच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या कायद्याच्या २४ व्या कलमानुसार रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. घरात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे सभ्यतेनंच कळायला हवं. समाजमाध्यमांवर टाकायचा नसेल तरच फोटो काढावा, आणि त्याची एक प्रत छापून त्या माणसाला द्यावी. अनेकांकडे स्वतःचा एकही फोटो नसतो.

आणि सर्वांत मोठी गरज फराळाची नाहीच, भाड्याची आहे. अशी घरं उभी राहतात ती भाडं, सहायिकेचा पगार, औषधं आणि वीजबिल यांवर. हा खर्च आषाढातही असतो आणि माघातही. दिवाळीत फराळावर खर्च होणारी रक्कम एखाद्या गटानं बारा महिन्यांत विभागून दिली, तर तिचा उपयोग कितीतरी पटीनं वाढेल.

पण हे काम देणगीवर सोडून देण्याजोगं नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बऱ्या झालेल्या माणसांनी आणखी एक दिवाळी आत काढावी, असं कायदा म्हणत नाही. तो नेमकं उलट सांगतो. डॉक्टरांनी घरी जायला योग्य ठरवलेली किती माणसं आत आहेत, त्यांच्यासाठी किती घरं सुरू झाली आणि त्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती तरतूद आहे, हे तीन प्रश्न कुणाही नागरिकाला माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतात. ज्यांना या माणसांची दिवाळी गोड व्हावी असं मनापासून वाटतं, त्यांनी फराळाच्या यादीबरोबर हा अर्जही लिहावा, आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा.